आलापल्लीत हरवलेलं प्रवासवर्णन

ताई, मी मोर्शी तालुक्यातल्या एका गावात राहतो. वय 29. घरची संत्र्याची बाग आहे, शिवाय एका कृषी केंद्रात काम करतो. चार वर्षांपूर्वी जुनी 150 सीसीची मोटारसायकल घेतली. तेव्हापासून सुट्टी मिळाली की विदर्भ पाहतो आणि पाहिलेलं लिहून इंटरनेटवर टाकतो. लोणार, नरनाळा, मार्कंडा असे सहा लेख झाले होते. ज्या साइटवर टाकले ती मागच्या वर्षी बंद पडली, सहाही गेले. या दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला जाऊन आलो. पर्लकोटा नदीच्या पुलावर बराच वेळ थांबलो होतो. परत येताना आलापल्लीच्या अलीकडे मागचं चाक बसलं, पंक्चर काढणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी पैसे घेतले नाहीत. त्या रात्री लॉजवर तीन तास बसून मोबाइलवर थेट एका नव्या साइटच्या चौकटीत लिहिलं. ‘प्रकाशित करा’ दाबलं आन् रेंज गेली. पान पुन्हा उघडलं तं कोरं. तेव्हापासून लिहावंसंच वाटत नाही. मित्र म्हणतात, “लडाखले गेलेल्याचं लोकं वाचतात, तुयं कोन वाचते? आन् लिहाचंच आहे तं शुद्ध भाषेत लिही.” पुन्हा लिहू का? आणि लिहिलं तर जपू कसं?
– एक वाचक, मोर्शी तालुका, जि. अमरावती

भाऊ,

पुन्हा लिहा, आणि याच आठवड्यात लिहा. तुमच्या पत्रावरची तारीख पाहिली. भामरागडहून येऊन अजून तीन आठवडे झालेले नाहीत. एवढ्या दिवसांत वाक्यं विसरतात, प्रवास विसरत नाही. आणखी दोन महिने गेले तर मात्र रस्तेही एकमेकांत मिसळायला लागतील.

बसण्याआधी एक काम करा. मोबाइलमधले त्या दिवसांचे फोटो वेळेनुसार लावून पाहा. प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख आणि वेळ असते, लोकेशन चालू असेल तर जागाही. मग यूपीआयचा हिशेब उघडा. पेट्रोल कुठल्या पंपावर किती वाजता भरलं, चहाचे पैसे कुठे दिले, लॉजचं भाडं कधी दिलं, सगळं तिथे ओळीने लिहिलेलं आहे. घरी केलेले फोन पाहा. आईला किंवा मित्रांना पाठवलेले आवाजी निरोप असतील तर ते जरूर ऐका, कारण त्यात तुमचा त्या क्षणीचा श्वास आहे. हे सगळं वहीच्या एका पानावर वेळेप्रमाणे मांडलं की अर्ध्या तासात प्रवास पुन्हा उभा राहतो. लॉजवर काय वाक्यं लिहिली होती ती आठवत बसू नका. ती परत येणार नाहीत आणि त्यांच्या मागे लागलात तर जे अजून ताजं आहे तेही हातचं जाईल.

तुम्ही राहता त्याच तालुक्यात रिद्धपूर आहे, म्हणून हे सांगते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे लीळाचरित्र लिहिलं, महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचं चरित्र. चक्रधरस्वामी आयुष्यभर पायी फिरले. ते कुठल्या गावात उतरले, कोणाशी काय बोलले, काय खाल्लं, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी विचारलं, पडताळलं आणि उतरवून घेतलं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आपण त्याचं नाव घेतो. महानुभाव परंपरा सांगते, की खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत ती मूळ पोथी गेली. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून पंथाने ती पुन्हा लिहून काढली. हिराइसा या महानुभाव शिष्येचा पाठ त्यातलाच. आज लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ मिळतात ते त्यामुळे. आपण जे वाचतो ते दुसऱ्यांदा लिहिलेलं आहे भाऊ, आणि सातशे वर्षं ते टिकलं, कारण नंतर त्याच्या नकला पुष्कळ हातांत गेल्या. रिद्धपूरवरून तुम्ही कितीदा तरी गाडी काढली असेल. पुढच्या वेळी तिथे थांबा.

आता चूक कुठे झाली ते बघू, म्हणजे ती पुन्हा होणार नाही. साइटच्या चौकटीत जे टाइप करतो ते बहुतेक वेळा नेटवर्कच्या भरवशावर असतं. मध्येच रेंज गेली, फोन तापून बंद पडला, चुकून मागे जायचं बटण दाबलं गेलं, की खेळ संपला. तिथे कधीच लिहू नका. फोनमध्येच राहणारं, नेटशिवाय चालणारं साधं नोंदींचं ॲप असतं, त्यात लिहा. गूगल डॉक्स वापरायचं असेल तर ती फाइल ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवा, तेही घरून निघतानाच, आलापल्लीत पोचल्यावर नाही. लिहून झालं, एकदा वाचून झालं, की मग कॉपी करून साइटवर चिकटवा. साइट फक्त दाखवायची जागा. तुमचं लिखाण तुमच्या घरी असलं पाहिजे.

पण मला जास्त बोलायचंय ते त्याच्याही आधीच्या गोष्टीवर. रात्री लॉजवर तीन तास बसून लिहिणं मला पटत नाही. दिवसभर गाडी चालवून अंग आंबलेलं, डोळ्यांत धूळ, आणि त्यात सकाळी सहाचं रात्री दहाला आठवायचं. तेव्हा ‘निसर्गरम्य परिसर’, ‘नयनरम्य दृश्य’ असले तयार शब्द बोटांवर आपोआप येतात. प्रवास लिहायचा तो वाटेत, थांबे घेत, दोन-दोन ओळींनी. त्यासाठी खिशात मावेल अशी वही ठेवा. जेल पेन नको, पाण्याचा एक थेंब पडला की पान निळं होतं. बॉलपेन किंवा पेन्सिल बरी. तुम्ही कृषी केंद्रात आहात, झिपची एखादी जाड पिशवी सहज मिळेल, वही त्यात टाका.

माझी 2011 ची वही आता समोर आहे. वर्ध्याहून चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी अशी मी आलापल्लीला गेले होते, 125 सीसीच्या गाडीवर, फेब्रुवारीत. एक पान जसंच्या तसं देते:

“आष्टी पूल. 11.40. ट्रिप 208. वैनगंगा अर्धी वाळू, अर्धं पाणी. खाली एक बाई दगडावर कपडे आपटते आहे. हात खाली येतो, मग थाप ऐकू येते. मध्ये थोडा वेळ जातो. साखळी वाजते आहे, आलापल्लीत बघणे. टपरीवाला म्हणाला, ‘पुढं पेट्रोल दिसलं का भरून घ्या, विचार करू नका.’ चहा 5.”

बस, एवढंच. लिहायला दोन मिनिटंही लागली नसतील. पण आज ते पान वाचलं की तो पूल पायाखाली येतो. हात आणि थाप यांच्यामधला तो वेळ मला घरी बसून कधीच सुचला नसता. त्याच प्रवासावर मी नंतर एक मोठा लेख लिहिला होता, एका साइटवर. त्यात वैनगंगेबद्दल काय लिहिलं होतं ते आठवत नाही, कारण ती साइट बंद झाली. बंद करत असल्याची सूचना माझ्या जुन्या मेलवर आली होती, मी तो मेल उघडतच नव्हते. चौदा लेख होते. म्हणून तुमचे सहा गेले हे वाचून पोटात तुटलं. वही होती म्हणून मला प्रवास तरी उरला.

तर थांबलात की ट्रिप मीटरचा आकडा, वेळ आणि गावाचं नाव टाकायचं. नाव पाटीवरून घेऊ नका, माणसाला विचारा. पाटीवर एक असतं आणि लोक दुसरं म्हणतात, दोन्ही लिहा. कोणी काही बोललं तर एक वाक्य त्याच्याच शब्दांत, लगेच, कारण दहा किलोमीटर पुढे गेलं की आपण ते आपल्या भाषेत फिरवून टाकतो. खर्च लिहा. आज क्षुल्लक वाटतो, पण तो चहा पाच रुपयांचा होता हे आता वाचताना मला केवढं तरी सांगून जातं. लिहायचा कंटाळा आला तर थांबल्या जागी फोनवर मिनिटभर बोलून ठेवा, मागचा बाजाराचा किंवा नदीचा आवाजही त्यात येतो. चालत्या गाडीवर मात्र काहीही नाही. बोलणंही नाही.

गाडीवरून आठवलं, फोन हँडलला लावून तासन्‌तास चालवत असाल तर जपून. मोटारसायकलच्या इंजिनाची जोराची थरथर सतत लागली तर फोनच्या कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलने 2021 मध्ये आपल्या ग्राहकांना सांगितलं होतं. ज्या फोनमध्ये अशी यंत्रणा आहे त्याला हा धोका आहेच. आपल्याकडे मे महिन्यातलं ऊन आणि खड्डे वेगळे. खिशात किंवा टाकीवरच्या बॅगेत ठेवा. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, खिशातूनही वाट नोंदवली जाते.

आता जपण्याचं. घरी आलात की त्या आठवड्यात वहीतलं फोनवर किंवा कंप्युटरवर उतरवा, आणि फाइलच्या नावात तारीख घाला, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. मग शंभर फाइली झाल्या तरी त्या आपोआप क्रमाने लागतात. टाइप युनिकोडमध्येच करा. फोनचा मराठी कीबोर्ड युनिकोडच देतो, पण तालुक्याला एखाद्याकडून टाइप करून घेतलंत तर अजूनही कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मिळू शकतं, आणि तो फॉन्ट नसलेल्या कंप्युटरवर तुमचं भामरागड नुसत्या इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन बसतं. ही साधी फाइल तीन ठिकाणी ठेवा: फोनमध्ये, स्वतःच्याच मेलवर, आणि पेनड्राइव्हवर किंवा घरच्या कंप्युटरवर. वर्षातून एकदा झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून कपाटात ठेवलीत तर मला सगळ्यात आनंद होईल. कागदाला पासवर्ड लागत नाही आणि तुमच्या नंतर तो घरच्यांच्या हाताला लागतो.

गूगलच्या भरवशावर सगळं सोडू नका. फुकटची जागा 15 जीबी आहे आणि मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून तेवढीच. ती भरली की नवे मेल येणंही बंद होतं. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं, हा त्यांचा नियम आहे. जिओसिटीज ही साइट 2009 मध्ये गेली, ऑर्कुट 2014 मध्ये. तिथे लिहिणाऱ्यांनाही त्या कायमच्या वाटत होत्या. तुम्ही ब्लॉगरवर लिहा की वर्डप्रेसवर, दोन्हीकडे सगळं लिखाण एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय सेटिंगमध्ये आहे. दर दिवाळीला ती वापरा.

फोटोंचं वेगळं आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि त्याच्यातली वेळ-जागेची माहिती निघून जाते. मित्राने काढलेला फोटो हवा असेल तर त्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. आणि प्रत्येक प्रवासातले पाच फोटो निवडून त्यांच्याखाली दोन ओळी लिहा. चारशे फोटो कोणी बघत नाही, आपण स्वतःही नाही.

त्या सहा लेखांची आशा मी सोडली नसती. इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था 1996 पासून जगभरातल्या पानांच्या नकला ठेवते. तिच्या वेबॅक मशीनमध्ये तुमच्या बंद पडलेल्या साइटवरच्या लेखाचा जुना पत्ता टाकून पाहा. पत्ता आठवत नसेल तर कोणाला पाठवलेली लिंक जुन्या गप्पांत सापडेल. माझ्या चौदापैकी दोन असे परत मिळाले, एक मार्कंड्याचा आणि एक नवेगाव बांधचा. पुढे नवं काही टाकलंत की तेच पान तिथे जाऊन स्वतः जतन करून घ्या, फुकट आहे आणि मिनिटाचं काम आहे.

मित्रांच्या बोलण्याबद्दल. लडाखला गेलेल्यांचं वाचू द्या की, चांगलंच आहे. पण आष्टीपासून भामरागडपर्यंत कुठे पेट्रोल मिळतं, कुठे रस्ता उखडलाय, पर्लकोटेला पाणी चढलं की पूल बंद होतो तेव्हा गाडीवाल्याने कुठे थांबावं, हे शोधणाऱ्या माणसाला लडाखचा काही उपयोग नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे, पण बाहेरून आलेला मुलगा नकाशा पाहून तिकडेच वळतो. ताडोब्याच्या सफारीत स्वतःची मोटारसायकल नेता येत नाही, हेही कित्येकांना गेटवर पोचल्यावरच कळतं. ही माहिती तुमच्याकडे आहे. मात्र रस्त्याबद्दल लिहिताना महिना आणि वर्ष टाकाच. नोव्हेंबरातला रस्ता ऑगस्टात नसतो. नंतर कळलं की बदललंय, तर जुनं पुसू नका, खाली तारीख घालून नवं लिहा.

आणि माहितीपलीकडेही तुमच्याजवळ एक गोष्ट आहे. तुम्ही बागायतदार आहात. रस्त्याकडेची संत्र्याची झाडं शहरातल्या मुलाला हिरवी दिसतात, तुम्हाला गाडीवरूनच पानांवरचा कोळशी रोग दिसतो. मोर्शीहून निघाल्यावर संत्रा कुठे संपला, पऱ्हाटी कुठवर सोबत आली, आणि धान कुठल्या गावापासून सुरू झाला? दिवाळीनंतर गेलात म्हणजे गडचिरोलीकडे कापणी चालू असणार, बांधीत धानाचे पुंजणे रचलेले असणार. सगळा विदर्भ पश्चिमेकडून पूर्वेकडे असा पिकांनी बदलत जातो आणि ते दुचाकीवरून जसं दिसतं तसं बसच्या खिडकीतून दिसत नाही. हे मला वाचायचंय. मला तुमची पहिली वाचक समजा.

भाषेचं म्हणाल तर जी सुचते तीत लिहा. तुमच्या पत्रात ‘पान पुन्हा उघडलं तं कोरं’ असं वाक्य आहे. ते ‘परंतु पृष्ठ रिक्त आढळले’ असं केलंत तर मी रागवेन. वावर, धुरा, पांदण, बंडी, बोडी हे शब्द कंसात अर्थ न देता येऊ द्या, पुण्याचा वाचकही मागच्या-पुढच्या ओळीवरून समजून घेतो. माणसांचं बोलणं तर अजिबात बदलू नका. शुद्धलेखन तपासून घ्या, ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. बोली मात्र चूक नव्हे.

एक विनंती. भामरागडच्या बाजूला माडिया आदिवासी माणसांचे फोटो काढले असतील तर विचारून काढलेलेच टाका, आणि लहान मुलांचे टाकू नका. लोक हो म्हणाले तरी कशासाठी ते सांगायला हवं. सुरक्षा दलांचे कॅम्प, चौक्या यांचे फोटो काढूही नका. गोंदियाकडे सारस किंवा कुठे एखादं घरटं दिसलं तर जागा लिहायची नाही, दिसलं एवढं लिहा. आपण घरी नाही, हेही प्रवास चालू असताना जगाला कळवायची गरज नसते. परत आल्यावर टाका.

सुरुवात कुठून करायची ते तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगते, कारण तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठरवलं की’ अशी सुरुवात करू नका. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा, तिन्ही नद्या मिळतात ती जागा तुम्ही पाहिलीत, ती येईलच पुढे. आधी पंक्चरवाले बाबा लिहा. तुम्ही त्यांना एका ओळीत उरकलंय. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबली तेव्हा बुडबुडे कुठून आले? टायरमधून निघालं ते काय होतं, बाभळीचा काटा की खिळा, आणि बाबांनी ते फेकलं की तुमच्या हातावर ठेवलं? तुम्ही पैसे पुढे केलेत तेव्हा ते नेमकं काय म्हणाले? गाव विचारलं असेल त्यांनी तुम्हाला. मोर्शी म्हटल्यावर संत्र्याचं काही बोलले का?

तेवढं एक पान आज रात्री वहीत लिहा. मग त्याचा फोटो काढून स्वतःच्या मेलवर टाका आणि झोपा.

– तुमची ताई